विडी सोड म्हणण्याआधी

पत्र लिहिणारी मुलगी २६ वर्षांची आहे. सात वर्षांची असताना आईवडिलांबरोबर सोलापूरजवळ कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, राहायला आली. तिथूनच बी.कॉम. केलं आणि गेली तीन वर्षं पुण्यात एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. हातात पगार २१ हजार. वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात, धाकटा भाऊ डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात तेलुगू बोलतात. आई, म्हणजे अम्मा, ५४ वर्षांची. २८ वर्षांपासून ती विड्या वळते. पूर्वी दिवसाला हजार व्हायच्या, आता सहाशे-सातशे होतात, आणि कारखानाही आठवड्यातून चारच दिवस माल घेतो. महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास सुटतात. तीन-चार महिन्यांपासून खोकला आहे, पाठ धरते. विडी बंद करावी म्हणून मुलगी दोन वर्षं दरमहा पाच हजार पाठवते. अम्मा ‘बरं’ म्हणते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विड्या वळायचं सूप मांडीवर घेते.

मागच्या महिन्यात पुण्यातलं एक स्थळ घरी येऊन गेलं. ते यायच्या आधी तासभर मुलीनं सूप, तंबाखूचा डबा, पानं गुंडाळलेलं ओलं पोतं, सगळं कॉटखाली सरकवलं. उदबत्त्या लावल्या. ‘आई काय करतात?’ असं मुलाच्या मावशीनं विचारलं तेव्हा ‘घरीच असते’ असं उत्तर दिलं. अम्मा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. स्थळ दोन्हीकडून पसंत आहे, येत्या रविवारी ते बोलणी करायला पुन्हा येणार आहेत. पण अम्मा त्या दिवसापासून मोजकंच बोलते. मुलगी विचारते: ‘मी तिच्या भल्याचंच सांगत होते. इतकं शिकून, कमावूनही आईला त्या सुपापासून उठवता येत नसेल तर माझ्या शिक्षणाचा उपयोग काय? तिला कसं समजावू?’

लेकी,

आधी खोकल्याचं बघू. बाकी सगळ्याला चार दिवस थांबता येईल, त्याला नाही. दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की थुंकी तपासायची असते आणि ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. तू तीन-चार महिने लिहिलं आहेस, म्हणजे उशीर झालाच आहे. थुंकीबरोबर छातीचा एक्स-रेही काढून घे. डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘खोकला आहे’ एवढंच सांगून गप्प बसू नका. ‘२८ वर्षं तंबाखूत हात आहेत’ हे पहिल्या वाक्यात सांगा. आपल्याकडच्या बायका ते सांगत नाहीत, कारण डॉक्टर ‘तंबाखू खाता का, ओढता का’ असं विचारतात आणि त्या खरंच खातही नाहीत, ओढतही नाहीत. पण तंबाखूची बारीक भुकटी श्वासातून आत जाते, आणि निकोटिन तर हाताच्या कातडीतूनही अंगात उतरतं. तपासणीत फुप्फुसाचं काही निघालं आणि डॉक्टर ‘आजपासून बंद’ म्हणाले, तर मी पुढे लिहिलेलं अर्धं बाजूला ठेव आणि त्यांचं ऐक. औषधोपचारासाठी विडी कामगारांचं ओळखपत्र आणि रेशन कार्ड, दोन्ही बरोबर ने.

आता तुझा प्रश्न. ‘तिला कसं समजावू’ असं तू विचारतेस, म्हणजे समजायचं राहिलंय ते अम्माला, असं तू धरून चालली आहेस. विडीनं काय होतं हे तिच्या पाठीला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. माझ्या मते तिला एक गोष्ट दिसते आहे जी तुला अजून दिसलेली नाही, आणि ती बोलून दाखवत नाही कारण बोलली तर तुला लागेल.

तू पाच हजार पाठवतेस. ती साडेतीन मिळवते. आकड्यांत बघितलं तर तुझं बरोबरच आहे: जास्तच देते आहेस, मग तिनं उठावं. पण येत्या रविवारी तुझ्या लग्नाची बोलणी आहेत. लग्नानंतर ते पाच हजार येत राहणार का? तू मनाशी ‘हो’ म्हटलं असशील. मुलाशी हे बोललीस का? त्याच्या घरच्यांशी? तुझ्या पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही. अम्मानं आजूबाजूला बघितलं असणार. घरकुलात कितीतरी मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, वर्ष-दोन वर्षं घरी पैसे दिले आणि लग्नानंतर ते आटले. कुणाचा दोष होता असंही नाही. कुठं बाळंतपणात नोकरी गेली, कुठं घराचा हप्ता सुरू झाला, कुठं सासरी विचारल्याशिवाय पैसे काढता येईनात. अशा वेळी आईनं काम सोडलेलं असलं तर ५४-५५ व्या वर्षी तिला पुन्हा कारखान्याच्या हजेरीवर घेणार कोण? तुझी अम्मा तुझे पैसे नाकारत नाही. ती स्वतःचे चालू ठेवते आहे. मला तिच्यात हट्ट दिसत नाही, हिशेब दिसतो.

आणि या हिशेबात नुसते रुपये नाहीत. तुझे पाच हजार घरात आले की ते घराचे होतात: भावाची फी, सिलिंडर, वडिलांचं औषध. विडीचे पैसे तिच्या हातात येतात. त्यातली भिशी ती ठरवते. त्या पैशांसाठी कुणाकडे हात पसरावा लागत नाही. माल द्यायला जायचं म्हणून ती चार दिवस घराबाहेर पडते, वाटेत दोघी-चौघी भेटतात. दुपारी दारात सुपं घेऊन बसतात तेव्हा कुणाची सून कशी, कुणाच्या मुलाला कुठं लागलं, हे सगळं तिथंच कळतं. तू म्हणतेस, ‘आता आराम कर.’ तिला त्यात ऐकू येतं की आता एकटी घरात बस आणि लागेल तेव्हा मागत जा.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत ३१ वर्षं शिकवलं. वह्या तपासायला घरी आणल्या की पिशवीला तंबाखूचा वास लागायचा. मधल्या सुट्टीत पळत घरी जाऊन आईला दोऱ्यानं विड्या बांधून देणाऱ्या मुली माझ्या वर्गात होत्या. त्यांचे अंगठे मला आठवतात. विडीचं तोंड दाबून दाबून नखाची कड झिजलेली, आणि तर्जनीवर दोरा ओढल्याची बारीक काळी रेघ, साबणानं न जाणारी. सुरुवातीच्या वर्षांत मी एका आईला शाळेत बोलावून चांगलंच बोलले होते की मुलीला विडीला बसवू नका. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, ‘बाई, माल कमी भरला तर कारखान्यात बोलायला तुम्ही येणार का?’ मी गेले नाही. त्या मुलीनं नववीत शाळा सोडली. तेव्हापासून कुणाला काही सोडायला सांगण्याआधी त्याच्या जागी काय ठेवणार आहे, हे मी स्वतःला विचारते. तुलाही तेच विचारते आहे.

विडीची बाजू मी घेत नाही, हे स्पष्टच सांगते. ओढणाऱ्याला ती मारते आणि वळणाऱ्याला झिजवते. हा धंदा कमी व्हायला हवा. तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारावर भारतानं २००४ साली शिक्कामोर्तब केलं. त्या कराराचं १७ वं कलम सांगतं की तंबाखूवर पोट असणाऱ्या कामगारांना दुसरा परवडणारा रोजगार मिळावा म्हणून सरकारनं हातभार लावावा. करारातला नियंत्रणाचा भाग आला. २०१६ पासून बंडलाच्या ८५ टक्के जागेवर इशाऱ्याचं चित्र आलं, नंतर जीएसटी आला. पर्यायी रोजगार मात्र तुझ्या अम्माच्या दारापर्यंत पोचलेला नाही. तिच्या कामाचे दिवस चारवर आले, एवढंच तिच्यापर्यंत पोचलं. सरकारनं जे करायचं ते न होता घरातल्या मुलीनं एकटीनं पाच हजारांत करावं, हे ओझं तू स्वतःवर का घेतेस? तुला न झेपल्याचा अर्थ तुझं शिक्षण वाया गेलं असा होत नाही.

आणि शिक्षणाचा उपयोग विचारतेस तर सांगते. तू अकाउंट्सला आहेस. कंपनीतल्या माणसांच्या पीएफचं चलान, कुणाचं केवायसी अडलंय, कुणाची जन्मतारीख चुकली आहे, हे तुझ्या हाताखालून जात असेल. अम्माचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर, तुला माहीत आहे का? तिच्या पासबुकात किती वर्षं दिसतात? घरी बसून विड्या वळणारी बाई ही कामगार आहे, हे १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं मान्य केलं. तिला प्रॉव्हिडंट फंड लागू आहे, यावर १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं. मालक लोक ‘या बायका आमच्या कामगारच नाहीत’ म्हणत होते, त्यांच्याविरुद्ध लढून मिळालेली ही गोष्ट आहे. ती अम्माच्या नावावर आजही पडून आहे आणि मोजायला घरात कुणी नाही.

मोजून बघ, म्हणजे का म्हणते ते कळेल. पीएफच्या पेन्शनचं सूत्र तुला ठाऊक असेलच: शेवटच्या ६० महिन्यांच्या मजुरीची सरासरी, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. अम्माची सरासरी ३,५०० धरली आणि २८ वर्षं पूर्ण मोजली गेली तर ५८ व्या वर्षापासून महिना निदान १,४०० रुपये. पण रेकॉर्डवर २८ च्या जागी १९च वर्षं निघाली तर? ९५० रुपये. सरकारी किमान पेन्शन २०१४ पासून १,००० आहे म्हणून हजार. महिन्याला निदान ४०० रुपये, मरेपर्यंत, नुसत्या कागदावरच्या नऊ वर्षांसाठी. आणि विडी कामगार बायकांची वर्षं अशीच गळतात. कारखाना बदलला की दुसरा नंबर पडतो आणि पहिला तसाच राहतो. आपल्या तेलुगू घरांत नावांचा घोळ तर ठरलेला: कार्डावर नाव आधी, आधारवर आडनाव आधी, बँकेत लग्नाआधीचं नाव. जन्मतारीख कुणीतरी अंदाजानं १ जून घातलेली. हे तीन कागद एकमेकांशी जुळेपर्यंत तिला एक रुपया मिळणार नाही.

पन्नाशीनंतर ५८ च्या आधीही पेन्शन सुरू करता येते, पण जितकी वर्षं आधी, तितके दर वर्षाला ४ टक्के कमी, आणि ती कपात कायमची. आज, ५४ व्या वर्षी सुरू केली तर १,४०० चे बाराशेच्या आत येतील. तू ‘विडी सोड’ म्हणालीस, तिनं उद्या सोडली आणि शेजारच्या कुणी ‘फॉर्म भरून टाक, पैसे मिळतील’ म्हटलं, की हे असं होतं. काम सोडलं तरी ५८ पर्यंत थांबून पूर्ण पेन्शन घेता येते, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

ग्रॅच्युइटीचंही, म्हणजे काम सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचंही विचार. पाच वर्षांच्या वर सलग काम झालं की दर वर्षामागे १५ दिवसांची मजुरी. २८ वर्षांचे ४२० दिवस होतात. तिच्या मजुरीनं ती रक्कम पन्नास हजारांच्या वर जाते. इथं हजेरीचे दिवस महत्त्वाचे. सोलापूरच्याच लक्ष्मी-विष्णू मिलच्या कामगारांचा ग्रॅच्युइटीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९८१ च्या त्या निकालात वर्षाला २४० दिवस प्रत्यक्ष भरले का, यावरच गाडी अडली आणि बदलीवर घेतलेले कामगार हरले. म्हणून अम्माच्या कामाच्या वह्या, जुनी कार्डं, मजुरीच्या चिठ्ठ्या, ट्रंकेत असतील तेवढ्या सगळ्या बाहेर काढ आणि फोनवर फोटो काढून ठेव. ती थकून नुसती जायची बंद झाली आणि कारखान्यानं नाव काढून टाकलं, तर हक्क मागताना तिच्या हातात काही राहत नाही. सोडायचंच तर लेखी सोडायचं, तारीख घालून, पोच घेऊन. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा-सही करायची नाही. दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफवाले जिल्ह्यात तक्रारींसाठी शिबिर घेतात, तिथं तिला घेऊन जा. युनियनमध्येही या कामाची माहितगार माणसं असतात. तुझ्यासारखी चलान समजणारी मुलगी बरोबर असली की काउंटरवरची भाषा बदलते, हे मी पाहिलेलं आहे.

भावासाठी एक. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या श्रम खात्याची शिष्यवृत्ती असते, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर होतो. तो आईच्या ओळखपत्रावरच. त्याचा डिप्लोमा चालू आहे तोवर या वर्षीची मुदत आणि अटी बघून घे.

आता विडी चालू ठेवायची की नाही. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही असं धरून माझं मत सांगते: लगेच बंद नको, कमी कर. सहाशेच्या जागी तीनशे-चारशे. कारखाना किमान किती माल मागतो ते आधी विचार, नाहीतर नावच जायचं. मजुरी घटली की ६० महिन्यांची सरासरीही घटते आणि पेन्शनही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ते गणित मांडून अम्माला दाखव. पेन्शनमध्ये महिन्याला काही शे रुपयांचा फरक पडेल. त्या बदल्यात रोजचे तीन-चार तास सुपावरून उठता येतं. हा सौदा तिला मान्य आहे का, ते तिनं ठरवायचं. ठरवण्यासाठी लागणारे आकडे आजवर तिला कुणी दिलेले नाहीत.

तोवर घरात दोन-तीन बदल आजच करता येतील. तंबाखूचा डबा स्वयंपाकाच्या आणि झोपायच्या जागेतून बाहेर. वळायला बसायचं ते दारात किंवा खिडकीशी, तोंडाला सुती फडकं बांधून. जेवायच्या आधी हात साबणानं, नुसत्या पाण्यानं नाही. पाठीला भिंत आणि तासाभरानं एकदा उठणं. यानं विडी निरुपद्रवी होत नाही, थोडा त्रास कमी होतो.

दुसरं काम काय, हेही तिलाच विचार. मला कडक भाकरी आणि शेंगाचटणी सुचते, कारण पुण्यात सोलापूरची कडक भाकरी विकत घेणारी माणसं तुझ्याच ऑफिसात निघतील. विक्री तुझ्याकडे आणि हात तिच्याकडे, असं होऊ शकतं. छोट्या प्रमाणावर अन्नपदार्थ विकायची नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते. पुढं वाढलं तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत यंत्रसामग्रीवर ३५ टक्के अनुदान असतं, ती योजना सध्या चालू आहे का ते विचारून घे. पण ५४ वर्षांच्या बाईनं सकाळी उठून चुलीपुढे पन्नास भाकऱ्या थापाव्यात, हे विडीपेक्षा हलकं आहे का, याबद्दल माझ्या मनात शंका आहे. दोघी-तिघी मिळून बचत गटात केलं तर जमेल. शिलाईचं सगळेच सुचवतात, शहरात गणवेशाचा धंदा मोठा आहे म्हणून. तिची नजर, तिची पाठ बघता मी तरी ते सुचवणार नाही.

अशी पत्रं मला वरचेवर येतात. बाबांनी माग सोडावा, कानाला ऐकू येईनासं झालंय. आईनं चार घरची धुणीभांडी सोडावीत, आता मी कमावतो. लिहिणारी सगळी तुझ्यासारखी मायेची मुलं. त्या सगळ्यांना मी हेच विचारीन: त्यांच्या नावावर काय जमा आहे ते बघितलंत का? ते उठल्यावर त्यांच्या स्वतःच्या हातात दर महिन्याला काय येणार, आणि तुमची नोकरी गेली तर काय? दिवसभर ते कुणाशी बोलणार? हे बोलून झाल्यावर आईवडील काम सोडायला तयार होतात, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. मागात कान गेलेला माणूसही ‘निवृत्त हो’ म्हटल्यावर चिडतो आणि ‘तुमचा पीएफ बघूया’ म्हटल्यावर शेजारी येऊन बसतो.

राहिला तो कॉटखालचा दिवस. पत्रात तू तो दोन ओळींत उरकला आहेस, पण त्या दोन ओळी खोडून पुन्हा लिहिलेल्या आहेत, ते मला दिसलं. तुझी लाज मला कळते. पुण्यात चारचौघांत ‘आई काय करते’ या प्रश्नाला उत्तर देताना क्षणभर घसा अडतो, त्यात तू वाईट ठरत नाहीस. पण तू ज्या खोलीत ते सूप लपवलंस ती खोली कशी मिळाली, आठव. १० हजार विडी कामगारांची ती वसाहत २००६ साली उभी राहिली, ती त्या बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले म्हणून. पुढं त्याच भागात रे नगरची ३० हजार घरं ठरली आणि त्यातल्या पहिल्या १५ हजारांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये मिळाल्या, तेही त्याच लढ्यातून. अम्माच्या नावाचं विडी कामगाराचं कार्ड नसतं तर त्या घरावर तुमचा हक्कच लागला नसता. ‘घरीच असते’ हे तिनं दारातून ऐकलं. ती २८ वर्षं घरी होती खरी, पण कामावर होती.

शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं निघालीस तर रात्री घरी पोचशील. तिला एकटीला गाठ. फोनवर नको, भावासमोर नको. तेलुगूतच बोल. ‘त्या दिवशी मी खोटं बोलले, मला लाज वाटली होती, तुझी नाही, लोक काय म्हणतील त्याची’ असलं लांबण लावू नकोस. ‘चुकलं माझं’ एवढं पुरे. ती काही बोलली नाही तरी उठून जाऊ नकोस. तिच्याजवळ बस. लहानपणी बांधायचीस तशा पाच-पन्नास विड्यांना दोरा बांधून दे हवं तर. खोकल्याची तपासणी, कागदांची ट्रंक हे सगळं त्यानंतर काढ, आधी नाही. आधी काढलंस तर तिला वाटेल, पुन्हा काम सोडवायलाच आली आहे.

आणि मुलाशी रविवारच्या आधी बोल. दोन गोष्टी सांग, गोल गोल न बोलता. माझी आई विडी कामगार आहे, मागच्या वेळी मी ते सांगितलं नाही. आणि लग्नानंतरही मी घरी दरमहा पैसे पाठवणार आहे, किती ते आपण बसून ठरवू. दुसऱ्या गोष्टीवर तो अडखळला तर त्याला सांग की लग्न झालेल्या मुलीवरही आईबापांच्या पोटगीची जबाबदारी आहे असं सर्वोच्च न्यायालयानं १९८७ सालीच म्हटलंय. पण कायदा सांगायची वेळ आली तर मुळात हे स्थळ कसं आहे याचा तू पुन्हा विचार करावास, असं मला वाटतं. तो सरळ ‘बरं’ म्हणाला, तर पहिल्या गोष्टीबद्दल तुला जितकी भीती वाटते आहे तितकं काही होणार नाही. त्याच्या आजीनं काय काम केलं, तेही विचार. पुण्यातल्या किती घरांत दोन पिढ्या मागं गिरणी, माग, नाहीतर शेतमजुरी निघते.

रविवारी पाहुणे यायच्या आधी घर आवरताना सूप कुठं ठेवायचं ते अम्माला विचार. ती म्हणाली ‘ठेव आत’, तर आत ठेव. पाहुण्यांसमोर पसारा नको, असं तिलाही वाटू शकतं. आणि मावशींनी पुन्हा तोच प्रश्न विचारला तर तू उत्तर देऊ नकोस. अम्माला मराठी येतं. तिला सांगू दे.

तपासणीचा निकाल आला की कळव. पासबुकात वर्षं किती निघाली, तेही कळव.